तळणीपाशी : डोनटचा मसाला पिठात नको

मागच्या अंकात भोपळ्याचं कस्टर्ड भरलेल्या डोनटचा मी ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये सप्टेंबर सरता सरता बेकऱ्यांतून एकच वास येऊ लागतो. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, म्हणजेच पम्पकिन स्पाइस या मसाल्याचा. तो घरी आणायला लोक काय काय करतात ते पत्रांमधून कळलं. वूस्टरमधल्या एका छोट्या बेकरीत मी बरीच वर्षं पहाटपाळीला तळणीवर उभी राहायचे. मालकीण पोलिश घराण्यातली. पुढे सांगते आहे त्यातलं बरंचसं तिच्या हाताखाली शिकलेलं आहे, तिच्या ओरड्यासकट.

प्रश्न : काकू, एका कृतीत होतं तसं मी यीस्टच्या पिठात एक कप डबाबंद भोपळा आणि दोन टेबलस्पून पम्पकिन स्पाइस घातला. चार तास झाले तरी पीठ फुगेना आणि हाताला चिकटत राहिलं. वरून मैदा घालत गेले, तर डोनट दडस झाले. एवढा मसाला घालूनही चवीला काहीच नाही. काय चुकलं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही, कृती लिहिणाऱ्याचं चुकलं. दालचिनीला जो वास असतो तो सिनॅमाल्डिहाइड या द्रव्याचा, आणि हे द्रव्य बुरशीची वाढ रोखतं. यीस्ट ही बुरशीच. लवंगेतलं युजेनॉलही तेच काम करतं. दोन टेबलस्पून मसाला पिठात ओतलात म्हणजे यीस्टचा गळाच धरलात. ते चार तासांत थोडं तरी हललं असेल तर नशीब समजा.

चव का आली नाही? पिठात मिसळलेला मसाला मैद्यात गुंतून बसतो. जिभेला आधी लागते ती वरची साखर आणि मग आतलं सारण. म्हणून आमच्या बेकरीतला नियम मी आजही पाळते : अर्धा किलो मैद्याला मसाला फार तर अर्धा चमचा, तोही रंगापुरता. बाकी सगळा मसाला वरच्या साखरेत आणि आतल्या कस्टर्डमध्ये.

दुसरी गोष्ट पाण्याची. डबाबंद भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तो गर थेट पिठात घालू नका. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर परतत राहा. रंग गडद होतो, गर कडेने सुटायला लागतो, वास कच्चट होता तो गोडसर होतो. २५० ग्रॅमचा १७० ग्रॅम झाला की उतरवा आणि पूर्ण गार करा. घारगे करताना भोपळा गुळाबरोबर शिजवून कोरडा करतातच ना, हात तोच, फक्त इथे गूळ नाही.

आता माप. मैदा ५०० ग्रॅम (अमेरिकेत ब्रेड फ्लावर अर्धा आणि साधा मैदा अर्धा घेतलात तर उत्तम), इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, आटवलेला भोपळा १७० ग्रॅम, दोन अंडी, कोमट दूध ९० मिलिलिटर, मऊ लोणी ७० ग्रॅम. भारतातला मैदा पाणी कमी पितो, तिथे ६० मिलिलिटर दुधापासून सुरुवात करा आणि लागेल तसं वाढवा. लोणी सगळ्यात शेवटी, थोडं थोडं. लोणी आधी घातलं तर ते मैद्याच्या कणांवर बसतं आणि पिठाला ताण येत नाही. हाताने पंधरा-वीस मिनिटं मळावं लागतं. एक लिंबाएवढा तुकडा घेऊन दोन्ही हातांनी ताणा. फाटायच्या आत त्यातून खिडकीचा उजेड दिसला की झालं. पीठ शेवटपर्यंत किंचित चिकट राहणार. ते चिकटतं म्हणून मैदा घालायचा नाही, हाताला लोणी लावायचं.

पीठ दुप्पट होऊ द्या, मग रात्रभर फ्रीजमध्ये. गार पीठ लाटायला सोपं जातं आणि चवही भरते. सकाळी बोटाच्या पेराहून थोडं कमी जाड लाटून वाटीने गोल कापा, एकेक साधारण ६० ग्रॅमचा. एवढ्या पिठाचे सोळा होतात. प्रत्येक गोल बटर पेपरच्या वेगळ्या चौकोनावर ठेवून फुगू द्या. फुगलेला डोनट हाताने उचलला की बसतो. कागदासकट तेलात सोडायचा आणि कागद चिमट्याने काढून घ्यायचा.

प्रश्न : पुण्यात पम्पकिन स्पाइस मिळत नाही म्हणून घरी करायला घेतला. ऑलस्पाइस मागितला तर वाण्याने कबाबचिनी दिली. ती चालेल का? आणि आपला लाल भोपळा चालतो की तो वेगळा? (कोथरूड, पुणे)

उत्तर : कबाबचिनी म्हणजे कंकोळ. काळ्या मिरीच्याच कुळातली, मागे बारीक शेपूट असलेली. कडवट, कापरासारखी. डोनटमध्ये नको, विड्यात राहू दे. ऑलस्पाइस हे वेगळंच झाड, मूळचं जमैका आणि मध्य अमेरिकेकडचं. त्याची वाळवलेली फळं मिरीपेक्षा थोडी मोठी आणि गुळगुळीत दिसतात. एकाच दाण्यात लवंग, दालचिनी आणि जायफळ असल्याचा भास होतो, म्हणून तसं नाव पडलं. नाहीच मिळालं तर लवंग आणि जायफळ थोडं वाढवा, कुणाला कळणारही नाही.

माझं प्रमाण : दालचिनी चार चमचे, सुंठ दोन चमचे, जायफळ एक, ऑलस्पाइस एक, लवंग अर्धा. लवंगेला हात आवरता ठेवा, नाहीतर दंतमंजन होतं. जायफळ मात्र आयत्या वेळी किसायचं. पुरणात आणि बासुंदीत ते आपण तसंच घालतो, मग इथे डबीतली पूड का?

या मसाल्यात भोपळ्याचा कणही नसतो हे अनेकांना माहीत नसतं. तो ‘पम्पकिन पाय’ या भोपळ्याच्या गोड पदार्थासाठी केलेला मसाला. मॅकॉर्मिक कंपनीने तो १९३४ मध्ये एका डबीत घालून विकायला काढला. त्याआधी अमेरिकन बायका सगळे डबे वेगवेगळे काढून बसत. अमेरिकन स्वयंपाकाच्या १७९६ सालच्या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगला सुंठ, जायफळ आणि जायपत्री सांगितली आहे, म्हणजे जोडी जुनीच. २००३ मध्ये स्टारबक्सने त्याची कॉफी काढली आणि मग साबणापासून मेणबत्तीपर्यंत सगळ्यांना तो वास लागला. मला मेणबत्तीचं प्रयोजन अजून कळलेलं नाही.

लाल भोपळ्याचं म्हणाल तर तुम्ही माझ्यापेक्षा भाग्यवान आहात. हॅलोविनला कोरतात तो नारिंगी भोपळा खायला पाणचट आणि रेषाळ. इथल्या डब्यात जो भोपळा असतो तो बाहेरून फिकट पिवळट-तपकिरी सालीचा, आणि वनस्पतिशास्त्रात तो आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्या बऱ्याच वाणांच्या जातीचा. तेव्हा मंडईतून जड, गडद गराचा तुकडा आणा. फोडी पाण्यात शिजवू नका. चाळणीत वाफवा किंवा ओव्हनमध्ये भाजा, गाळणीतून दाबून काढा आणि वर सांगितलं तसं आटवा.

आणखी एक. तुमच्याकडे ऑक्टोबर हीट असणार. इथे या दिवसांत घरात २० अंश असतात आणि मी पीठ ओव्हनचा दिवा लावून आत ठेवते. कोथरूडला ते ओट्यावर पाऊण तासात दुप्पट होईल. पाककृतीतला वेळ वाचू नका, पीठ बघा.

प्रश्न : मावशी, मी बॉस्टनला शिकायला आले आहे. मैत्रिणींबरोबर सफरचंदाच्या बागेत गेले होते, तिथले सायडर डोनट फार आवडले. ते घरी करून आत सफरचंदाचं सारण भरायचं आहे. जमेल? आणि सायडर म्हणजे दारू ना? आईला कसं सांगू? (बॉस्टन)

उत्तर : आईला बिनधास्त सांग. अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, ताजा रस. दारूच्या सायडरला इथे हार्ड सायडर म्हणतात.

पण बागेतले डोनट भरता येणार नाहीत. ते बेकिंग पावडरवर फुगवलेले, केकच्या जातीचे. आतून रवाळ आणि घट्ट, मध्ये पोकळी नाही. त्यात नळी खुपसलीस तर तुकडे हातात येतील. भरायला यीस्टचंच पीठ लागतं, कारण त्यात लांब धागे असतात आणि तळताना मधे जागा होते. तू ज्या राज्यात राहतेस त्याचा अधिकृत डोनट कोणता माहीत आहे? बॉस्टन क्रीम. २००३ मध्ये तसा कायदाच केला. आत कस्टर्ड, वर चॉकलेट, पीठ यीस्टचं.

तर चव बागेची आणि अंग यीस्टचं, असं कर. चार कप सायडर उघड्या पातेल्यात उकळून एक कप कर. एक किलो आंबटसर सफरचंदं सालीसकट चिरून त्यात मऊ शिजव, कारण घट्टपणा आणणारं पेक्टिन सालीत आणि गाभ्यात जास्त असतं. गाळणीतून काढ. मग गूळ घाल, शंभर ग्रॅमपासून सुरू करून चाखत चाखत, आणि मंद आचेवर आटव. चमचा ओढल्यावर पातेल्याचा तळ दिसला आणि रेघ लगेच मिटली नाही की तयार. मसाला शेवटच्या पाच मिनिटांत घाल, आधी घातलास तर वास वाफेबरोबर शेजाऱ्यांना मिळेल.

वसतिगृहात तळू नकोस. धुराची घंटा वाजली की अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर उभी राहते आणि सगळे तुझ्याकडे बघतात.

प्रश्न : आमच्याकडे अंडं चालत नाही. कस्टर्ड पावडर वापरली तर कमीपणा येतो का? (नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. कस्टर्ड पावडर जन्मली तीच अंडं टाळण्यासाठी. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून पुढे त्यांनी बेकिंग पावडर केली. या बाईंच्या पोटावर निम्मी बेकरी उभी आहे.

४०० मिलिलिटर दुधाला कस्टर्ड पावडर ४५ ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, आटवलेला भोपळा १५० ग्रॅम. आता मसाला कुठे घालायचा ते नीट वाचा, अंड्याच्या कस्टर्डलाही हेच लागू. दुधात दालचिनीची पूड टाकली की ती वर तरंगते आणि मग बुळबुळीत तार धरते. आधी ३० ग्रॅम लोणी वितळवा, त्यात दोन चमचे मसाला अगदी मंद आचेवर अर्धा मिनिट परता, मग भोपळा घाला, मग दूध. वासाची द्रव्यं स्निग्धात विरघळतात, पाण्यात नाही. चिमूटभर मीठ विसरू नका. पिठातल्या दोन अंड्यांऐवजी ८० ग्रॅम घट्ट दही आणि दोन चमचे दुधाची पावडर.

अंडं खाणाऱ्यांनी पावडरीऐवजी चार बलक आणि ३५ ग्रॅम कॉर्नफ्लावर घ्यावं, आणि कस्टर्डला बुडबुडे यायला लागल्यावर आणखी एक मिनिट ढवळत उकळू द्यावं. घाबरून लवकर उतरवलं तर बलकातलं एक विकर (एन्झाइम) जिवंत राहतं, ते रात्रीत स्टार्च तोडतं आणि सकाळी घट्ट कस्टर्डचं पातळ सार झालेलं असतं.

प्रश्न : एअर फ्रायरमध्ये होतात का? (ठाणे)

उत्तर : पाव होतो. चांगला होतो. पण पाव.

प्रश्न : डेन्व्हरला आल्यापासून माझे डोनट बाहेरून काळपट आणि आतून कच्चे राहतात. न्यू जर्सीत हीच कृती, हीच कढई, हाच थर्मामीटर. (डेन्व्हर, कोलोरॅडो)

उत्तर : तुमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. डोनटच्या आतला ओलावा लवकर वाफ होतो आणि आतलं तापमान तेवढ्यावरच अडून बसतं, साल मात्र तेलाच्या उष्णतेने करपत जाते. दर हजार फुटांमागे तेल तीन अंश फॅरनहाइटने कमी ठेवा. म्हणजे मी ३६५ सांगते तिथे तुम्ही ३५०, आणि बाजूमागे अर्धा मिनिट जास्त. हवेचा दाब कमी म्हणून पीठही झपाट्याने फुगतं आणि मग खचतं. यीस्ट पाऊणपट घ्या.

प्रश्न : आमच्या शेजारच्या पोलिश आजी सारण आधी भरून मग तळतात. तुम्ही तळून मग भरता. खरं काय? आणि मग करंजीसारखं पुरण भरून तळलं तर? (मिसिसॉगा, कॅनडा)

उत्तर : आजींशी वाद घालू नका, त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांच्या पदार्थाला पॉन्चकी म्हणतात. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या ख्रिस्ती उपासकाळाच्या, आधीच्या गुरुवारी पोलंडमध्ये तो पोटभर खायचा असतो. जुन्या पद्धतीत गुलाबाचा किंवा आलुबुखारचा घट्ट मुरंबा आत बंद करून तळतात. आमची मालकीणही फेब्रुवारीत तसंच करायची आणि पिठात एक चमचा स्पिरिट (पिण्याचं कडक मद्य) घालायची, तेल कमी पितं म्हणून. सारण कोरडं आणि घट्ट असेल तरच हे जमतं. कस्टर्ड आधी भरलं तर त्यातल्या पाण्याची वाफ होते, शिवण फाटते आणि कढईत जे होतं ते आवरायला दुपार जाते.

पुरण चालेल. चांगलं शिजवून, वाटून, इतकं आटवा की त्यात उलथनं उभं राहील, आणि सुंठ-जायफळ असतंच. गोळी लहान करा, सुपारीपेक्षा थोडी मोठी. फक्त त्याला डोनट म्हणून शेजारी पाठवण्याआधी एक घरात खाऊन बघा. मला विचाराल तर पुरणाला पोळीच बरी.

तळून भरायचे असतील तर पूर्ण गार होऊ द्या. ऊन डोनटमध्ये कस्टर्ड वितळून खाली बसतं. साखरेचं याच्या उलट : कोमट असतानाच घोळवा, दीडशे ग्रॅम साखरेला दोन चमचे मसाला. कडकडीत असताना घोळवलं तर साखर पाझरते, गार झाल्यावर चिकटत नाही. भरायला डोनटच्या कमरेला जी फिकट पट्टी असते तिथे जाड विणायची सुई घाला आणि आतल्या आत गोल फिरवून जागा करा. ही पट्टी दिसली म्हणजे पीठ नीट फुगून डोनट तेलावर तरंगला. ती नसेल तर आत जागाही नसते. पायपिंगची पिशवी नसेल तर दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन कोपरा कापा. एकात ३५-४० ग्रॅम जातं. वजनकाट्यावर ठेवून भरा, डोळ्यांवर विश्वास ठेवलात तर पहिले चार फुटतात आणि शेवटचे चार रिकामे राहतात.

प्रश्न : खोबरेल तेलात तळले तर? आणि दुकानातला डोनट हाताला तेलकट लागत नाही, घरचा लागतो, असं का? (म्हापसा, गोवा)

उत्तर : घाण्याच्या खोबरेलात नको. ते १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि डोनटला १८० ते १८५ लागतात. शिवाय मसाल्यावर खोबऱ्याचा वास चढतो. रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान घ्या.

दुकानात बहुतेक ठिकाणी घट्ट चरबी वापरतात, पाम तेलाची वगैरे. ती खोलीच्या तापमानाला गोठते, म्हणून बोटाला कोरडी लागते. तेल गोठत नाही. साजूक तुपात तळले तर तसाच कोरडेपणा येतो, पण सोळा डोनट तुपात तळणाऱ्याच्या घरचा हिशेब मी करत नाही.

तेलातही बरंच काही हातात असतं. डोनट तेल पितो तो मुख्यतः बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवते, आत पोकळी पडते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर निथळत बसू नका. काढल्या काढल्या कागदावर दोन्ही बाजूंनी टिपा आणि लगेच जाळीवर ठेवा. एका वेळी तीनच सोडा, तेल गार पडू देऊ नका, एका बाजूला दीड मिनिट पुरे. थर्मामीटर नसेल तर पिठाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका : लगेच वर येऊन बारीक बुडबुडे आले आणि मिनिटाभरात बदामी झाला तर ठीक, आल्या आल्या लाल झाला तर आच कमी.

मसाला पिठात नसल्यामुळे तळाशी फक्त मैद्याचा चुरा राहतो. तेल गाळलंत तर दुसऱ्या दिवशी पुऱ्यांना चालतं. वड्यांच्या तेलात डोनट तळता येतील का, असंही एका पत्रात विचारलं होतं. त्या पत्राला उत्तर देत नाही.